गळ्यातला सुपरस्टार

येशूच्या भूमिकेत कोण, या प्रश्नावरून ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक पुन्हा बातम्यांत आलं. ऑगस्ट २०२५ मध्ये हॉलिवूड बोलच्या खुल्या नाट्यगृहात तीन रात्री सिंथिया एरिव्होने येशू साकारला. कृष्णवर्णीय, ब्रिटिश आणि आपली क्वीअर ओळख उघडपणे सांगणारी स्त्री येशू होणार म्हटल्यावर निषेध आणि समर्थन दोन्हींना ऊत आला. तो ओसरला नाही तोच लंडनच्या पॅलेडियमने २०२६ च्या उन्हाळ्यासाठी सॅम रायडरचं नाव जाहीर केलं. टाळेबंदीत मोबाइलवर गाणी टाकून हा गायक घराघरांत पोहोचला आणि २०२२ च्या युरोव्हिजनमध्ये दुसरा आला. मग पुन्हा चर्चा येशूचीच. एरिव्होसमोर अ‍ॅडम लॅम्बर्ट येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा म्हणून उभा होता, हे मात्र बातम्यांत ओझरतं येऊन गेलं. मला ते खटकलं, कारण हे नाटक यहूदाचं आहे.

पहिलं गाणं त्याचं आहे. शीर्षकगीत त्याचं आहे, तेही मरणानंतर परत येऊन गायलेलं. ‘तू माणूस आहेस, लोक तुला देव करताहेत आणि यात आपण सगळे चिरडले जाऊ’ ही त्याची भीती कथेला पुढे ढकलते. गीतकार टिम राईसला यहूदाबद्दल कुतूहल वाटू लागलं त्यात बॉब डिलनच्या ‘विथ गॉड ऑन अवर साइड’चा वाटा होता. यहूदाच्या बाजूला देव होता का, हा त्या गाण्यातला प्रश्न राईसच्या डोक्यातून गेला नाही. १९६९ मध्ये संगीतकार अँड्र्यू लॉइड वेबर एकवीस वर्षांचा, राईस पंचविशीतला. येशूच्या शेवटच्या सात दिवसांवर रॉक ऑपेरा करायचा म्हटल्यावर रंगभूमीवर पैसा लावायला कुणी पुढे येईना. म्हणून आधी एक गाणं निघालं, मरे हेडच्या आवाजात. पुढच्या वर्षी दोन तबकड्यांचा पूर्ण संच. येशूसाठी डीप पर्पलचा इयन गिलन, मग्दालिया मरियेसाठी इव्हॉन एलिमन, पिलातासाठी बॅरी डेनन, आणि यहूदा अर्थातच मरे हेड.

पुढचं सगळं या जन्मकथेतून आलं आहे. ‘सुपरस्टार’ आधी ऐकलं गेलं, पाहिलं गेलं नंतर. त्यात सुटे संवाद नाहीत. प्रसंग, पात्रांची भांडणं, त्यांचे स्वभाव, सगळं सुरात आणि लयीत बांधलेलं आहे. मरिया येशूला शांत करते ते गाणं पाच मात्रांचं आहे. चारच्या ठेक्याला सरावलेल्या पाश्चात्त्य कानाला त्यात एक मात्रा सतत जास्तीची लागते, आणि वरवरच्या दिलाशाखाली काहीतरी हलत राहतं. मंदिरातल्या बाजाराचा प्रसंग सात मात्रांत आहे. रूपक ऐकत वाढलेल्या आपल्या कानाला सात मात्रांचं नवल नाही, पण इथे त्या धापा टाकत धावतात. खरेदी-विक्रीचा गलका त्या लयीतच भरलेला आहे. दिग्दर्शकाने मंच रिकामा ठेवला तरी तो बाजार ऐकू येतो.

कपडे, काळ, गाव, शस्त्रं याविषयी मात्र रेकॉर्डने काहीच ठरवून दिलेलं नाही. त्यामुळे प्रत्येक पिढीचा दिग्दर्शक आपल्या काळाचे कपडे घेऊन येतो आणि त्याला आधुनिकीकरण म्हणतो. मुळात संहिताच आधुनिक आहे. शीर्षकगीतात यहूदा येशूला विचारतो की, प्रसारमाध्यमं नसलेल्या इतक्या मागासलेल्या काळात तू का आलास? हे १९६९ मध्ये लिहून झालेलं आहे. त्यावर टीव्हीचे पडदे आणि मोबाइल चिकटवून नवं काय सांगणार?

ब्रॉडवेवर १२ ऑक्टोबर १९७१ ला ते आलं तेव्हा टॉम ओ’हॉर्गनने मंचावर इतका थाट उभा केला की लॉइड वेबरला तो प्रयोग मनापासून आवडला नाही. बाहेर ख्रिस्ती आणि ज्यू दोन्ही गटांचे निदर्शक होते. प्रयोग ७११ झाले. ज्या मार्क हेलिंजर थिएटरात ते झाले, तिथे आज टाइम्स स्क्वेअर चर्च भरतं. लंडनच्या पॅलेस थिएटरमधला प्रयोग १९७२ ला सुरू झाला तो आठ वर्षं, ३३५८ प्रयोग चालला.

पडद्यावरचा पहिला अवतार अजूनही सर्वांत धीट आहे, असं मला ठामपणे वाटतं. नॉर्मन ज्युइसन ‘फिडलर ऑन द रूफ’ करत असताना त्याच चित्रपटात काम करणाऱ्या बॅरी डेननने त्याला या रेकॉर्डबद्दल सांगितलं. ज्युइसन इस्रायलच्या वाळवंटात गेला. वाळवंटातून एक बस येते. तरुण नट उतरतात, टपावरून क्रूस उतरवतात, कपडे चढवतात आणि खेळ सुरू होतो. रोमन शिपायांच्या डोक्यावर चकाकती शिरस्त्राणं आणि अंगात जांभळे बनियन, हातात भाल्यांबरोबर बंदुका. पुरोहित लोखंडी परांचीवर काळ्या सावल्यांसारखे बसलेले. यहूदा पैसे घ्यायला निघतो तेव्हा त्याच्या मागे रणगाडे लागतात. चित्रपट ऑगस्ट १९७३ मध्ये अमेरिकेत लागला आणि ऑक्टोबरात त्याच प्रदेशात खरे रणगाडे भिडले.

हे रणगाडे आज जुने वाटत नाहीत. ज्युइसनने ते सजावट म्हणून आणले नाहीत. ते यहूदाच्या गाण्याच्या आत शिरतात. यहूदा झालेल्या कार्ल अँडरसनचा आवाज त्यांच्यापुढे धावतो, आणि कुठलं तरी मोठं, निर्विकार यंत्र आपल्याला एका कृत्याकडे ढकलत आहे ही यहूदाची तक्रार डोळ्यांना दिसते. तसंच गेथशेमाने बागेतल्या गाण्याचं. येशू झालेला टेड नीली आपल्या मरणाचं कारण देवाकडे मागतो, आवाज वरच्या टोकाला जाऊन फाटतो, आणि पडद्यावर क्रूसावरच्या येशूची जुनी चित्रं एकामागून एक येतात. पुढची शतकं आपल्या वेदनेचं काय करणार आहेत, हे त्या माणसाला त्याच क्षणी दिसतं. रंगमंचावर हे शक्य नाही. कॅमेऱ्याने नाटकात खरी भर घातली ती इथे.

या चित्रपटावर आक्षेपही आले आणि त्यांतला एक मला आजही गंभीर वाटतो. अमेरिकेतल्या ज्यू संघटनांचं म्हणणं होतं की मुख्य पुरोहित कयफा आणि त्याचे साथीदार सरळसरळ खलनायक होतात आणि रोमन सुभेदार पिलात बिचारा ठरतो. येशूच्या मृत्यूचा दोष ज्यूंवर टाकण्याची परंपरा युरोपात किती रक्त सांडून गेली हे लक्षात घेतलं तर ही तक्रार संगीताच्या आनंदात बुडवून टाकता येत नाही. नव्याने करायला घेणाऱ्याने खरा घाम इथे गाळायला हवा. हेरोद राजाला कुठला कोट घालायचा, यापेक्षा पुरोहितांची भीती माणसाची भीती कशी वाटेल हा प्रश्न कितीतरी मोठा आहे. रोमची फौज एका इशाऱ्यासरशी अख्खं शहर बेचिराख करेल हे कयफाला माहीत आहे, आणि ते त्याच्या तोंडी गाण्यात आहेच. खर्जात घुमणारा, दातओठ खाणारा कयफा उभा केला की ते ऐकू येत नाही.

मुंबईतही सत्तरच्या दशकात ‘सुपरस्टार’ झालं, अलेक पदमसींच्या दिग्दर्शनात. त्यात यहूदा होता नंदू भेंडे. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांच्या घरातला हा मुलगा. फार्सच्या टायमिंगने मराठी प्रेक्षकाला लोळवणाऱ्या बापाच्या घरात इलेक्ट्रिक गिटारवाला रॉक गायक निपजला, याचं त्या काळी अनेकांना कोडं पडलं असेल. मला त्यात सलगता दिसते. फार्सचं टायमिंग आणि रॉकचा ठेका दोन्हींना शब्द नेमका कुठे टाकायचा याची जाण लागते, आणि यहूदाच्या गाण्यांत तर शब्द इतके दाटीवाटीने येतात की नुसता सुरेल गळा तिथे तोकडा पडतो. वाद घालता आला पाहिजे, तोही सुरात. पुढे पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तवरून ‘तीन पैशाचा तमाशा’ लिहिलं, जब्बार पटेलांनी बसवलं, त्यात नंदू भेंडे पुन्हा दिसले. रॉक, लावणी आणि नाट्यसंगीत एका मंचावर आणण्याचं धाडस मराठीत झालं, त्यामागे हा ‘सुपरस्टार’चा सराव होता असं मी मानतो. २०१४ मध्ये ते गेले. मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्यांच्या वाट्याला यायला हवी तेवढी जागा अजून आलेली नाही.

२००० सालच्या चित्रफितीवर फार शब्द खर्च करत नाही. गेल एडवर्ड्सने लंडनच्या लायसिअममधल्या आपल्या प्रयोगावरून ती पाइनवुड स्टुडिओत केली. काळं चामडं, फॅसिस्ट गणवेश, भिंतींवर रंगवलेल्या घोषणा. जेरोम प्राडोंचा यहूदा अस्वस्थ आणि पाहण्यासारखा, पण बंद सेटवर सगळं गुदमरतं.

२०१२ चा अरीना प्रयोग जास्त शिकवून जातो. लॉरेन्स कॉनरने लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलसमोर पडलेल्या ‘ऑक्युपाय’ आंदोलनाच्या तंबूंवरून येशूचे अनुयायी घेतले. मागे अजस्र पडदा, त्यावर दंगलीची दृश्यं आणि ट्वीट. अटकेनंतर येशूच्या अंगावर ग्वांतानामोच्या कैद्यांचा नारिंगी वेश. हेरोद टीव्हीचा सूत्रसंचालक. येशूची निवडही टीव्हीवरच्या स्पर्धेतून झाली होती, बेन फॉर्स्टर नावाच्या तरुणाची. हे सगळं तेव्हा ताजं होतं. २०२० च्या ईस्टरला, जग घरात कोंडलेलं असताना, हाच प्रयोग यूट्यूबवर अठ्ठेचाळीस तास फुकट दाखवला गेला. तोवर आठच वर्षं झाली होती आणि तंबू, ट्वीट, नारिंगी वेश हे सगळं समजावून सांगावं लागावं इतकं दूर गेलं होतं.

टिम मिंचिनचा यहूदा मात्र तसाच जळजळीत राहिला. मिंचिन उघड नास्तिक, शब्दांशी खेळणारा, विनोदी गाण्यांतून आलेला. विश्वास आणि शंका यांच्यातलं भांडण त्याला बाहेरून आणावं लागत नाही. त्या प्रयोगाच्या डीव्हीडीत आपल्या आवाजावर ऑटोट्यून चालवल्याची तक्रार त्याने जाहीरपणे केली, आणि ती अगदी रास्त होती. यहूदाचा आवाज जिथे सुरावरून घसरतो तिथेच त्याचा जीव दिसतो. तो सूर यंत्राने इस्त्री करून सरळ केला की नाटकच पुसलं जातं. पडद्यासाठी लाखो पौंडांचे दिवे लावायचे आणि गळा मात्र दुरुस्त करायचा, हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा अपराध वाटतो.

१ एप्रिल २०१८ ला, ईस्टरच्या रविवारी, एनबीसीने ब्रुकलिनमधल्या जुन्या शस्त्रागाराच्या इमारतीतून प्रयोग थेट प्रक्षेपित केला. येशू जॉन लेजंड, मरिया सारा बरेलिस, हेरोद अ‍ॅलिस कूपर. यहूदा ब्रँडन व्हिक्टर डिक्सन, आणि रात्र त्याची. लेजंडचा आवाज मखमली. गेथशेमानेत लागणारी ती चिरफाळणारी किंकाळी त्या गळ्यात नाही. तरीही प्रयोग उभा राहिला, कारण डेव्हिड लेव्होने त्याला मैफलीचंच रूप दिलं. वाजवणारे मंचावर दिसतात. प्रेक्षक मंचाला खेटून उभे राहतात आणि लेजंड आला की किंचाळतात. पहिल्या अर्ध्या तासात ते किंचाळणं त्रासदायक वाटतं. मग लक्षात येतं की यरुशलेमची गर्दी हीच आहे. आधी हात उंचावून जयजयकार करणारी गर्दी पुढे क्रूसाची मागणी करते, आणि घरात बसलेले नव्वद लाखांहून अधिक लोक तिच्यात सामील असतात. प्रक्षेपणाचं तंत्र नाटकाच्या अर्थाला इतकं चपखल बसलेलं दुसरं उदाहरण मला सुचत नाही.

शेवटी मागची भिंत क्रूसाच्या आकारात उघडते आणि लेजंड त्या उजेडात मागे मागे जातो. खरं तर ‘सुपरस्टार’मध्ये पुनरुत्थान नाही. शेवटचा तुकडा फक्त वाद्यांचा, आणि त्याचं नाव योहानाच्या शुभवर्तमानातल्या १९:४१ या वचनावरून ठेवलेलं, जिथे बागेतल्या नव्या कबरीचा उल्लेख आहे. नाटक कबरीशी थांबतं. पुनरुत्थानाच्याच सणाला ते दाखवायचं म्हणून भिंत उघडून उजेड आत सोडला, अशी मला शंका आहे. ती तडजोड मी समजू शकतो, पण ती नको होती. कबरीशी थांबल्यामुळेच हे नाटक श्रद्धाळू आणि अश्रद्ध दोघांचंही राहतं.

सॅम रायडरच्या पॅलेडियममधल्या प्रयोगाचा दिग्दर्शक टिमथी शीडर. २०१६ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याने हेच नाटक बसवलं आणि पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्कृष्ट पुनरुज्जीवनाचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. त्याच्या येशूच्या हातात माईक होता. पुरोहितांचे दंड उलटे केले की माईकचे स्टँड व्हायचे. यहूदा पैशांच्या पेटीत हात घालायचा आणि हात कोपरापर्यंत चंदेरी व्हायचे, ते पुसले जायचे नाहीत. फटक्यांच्या प्रसंगात येशूच्या अंगावर चमकी फेकली जायची. कुठलंही वर्तमानपत्र, कुठलीही दंगल त्यात नव्हती. त्या प्रयोगातला यहूदा टायरोन हंटली हॉलिवूड बोलवर शिमोनाच्या भूमिकेत होता.

आता नवा चित्रपट करायचा तर शीडरच्या वाटेने जावा. गाणी सेटवर, एका दमात, कॅमेऱ्यासमोर गाऊन घ्यावीत. आधी स्टुडिओत गाऊन मग ओठ हलवू नयेत. माईक लपवू नये. तुटलेला सूर तुटलेलाच ठेवावा. कयफाला माणूस करावं. आणि येशूच्या भूमिकेसाठी मोठं नाव शोधायला निघण्याआधी निर्मात्याने यहूदासाठी गळे ऐकायला बसावं, कारण सिंथिया एरिव्होसारखा येशू मिळाला तरी समोरचा यहूदा कच्चा निघाला तर पहिल्याच गाण्यात वाद संपतो.