ब्रेस्ट लिफ्ट म्हणजे नेमकं काय? रील बघून ठरवण्याआधी हे वाचा

मोबाइलवर 'आधी' आणि 'नंतर'चे दोन फोटो दिसतात, खाली क्लिनिकचा नंबर असतो. वडखळ नाक्यावरच्या दुकानात बसलेली बाई असो की अलिबागची शिक्षिका, हे फोटो सगळ्यांपर्यंत पोचतात. पण दोन फोटोंच्या मधे काय घडतं, हे कुणी सांगत नाही. लाजेमुळे घरात विचारताही येत नाही. म्हणून हा लेख.

स्तन ओघळतात कशामुळे?

स्तनात स्नायू नसतो. दुधाच्या ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. वय, गरोदरपण, वजनातले चढउतार आणि तंबाखू यांमुळे त्वचा व तंतू सैल होतात. बाळाला पाजल्यामुळे स्तन ओघळतात हा गैरसमज आहे. मुख्य बदल गरोदरपणातच होतो. त्यामुळे या भीतीने बाळाचं दूध तोडू नका.

हा आजार नाही. त्रास होत नसेल, तर काहीही करण्याची गरज नाही.

तेल, क्रीम, व्यायाम?

तेल किंवा क्रीमने सैल त्वचा वर उचलली जात नाही. व्यायामाने स्तनामागचा छातीचा स्नायू बळकट होतो, पण ओघळलेली त्वचा आवळत नाही. योग्य मापाच्या ब्रेसियरने मात्र आधार मिळतो आणि अनेकींना तेवढं पुरतं.

शस्त्रक्रियेचे प्रकार

ब्रेस्ट लिफ्टला वैद्यकीय भाषेत मास्टोपेक्सी म्हणतात. जास्तीची त्वचा काढून स्तनाला नवा आकार देतात आणि स्तनाग्र वर सरकवतात. स्तनाग्र स्तनाखालच्या घडीच्या किती खाली गेलं आहे, यावर प्रकार ठरतो:

- थोडं ओघळलं असेल तर: फक्त स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेने छेद.
- मध्यम असेल तर: वर्तुळाभोवती आणि तिथून सरळ खाली छेद.
- जास्त असेल तर: या दोन्हींसोबत घडीतही आडवा छेद, म्हणजे जहाजाच्या नांगरासारखा आकार.

लिफ्टने आकार बदलतो, माप फारसं वाढत नाही. वरचा भाग रिकामा वाटत असेल तर सोबत इम्प्लांट सुचवतात. पण इम्प्लांट आयुष्यभराचं नसतं, पुढे बदलावं लागू शकतं. स्तन जड असून मान-पाठ दुखत असेल, तर माप कमी करणारी वेगळी शस्त्रक्रिया असते.

आधी काय करायचं?

गाठ, स्तनाग्रातून रक्त किंवा त्वचेवर खळगा दिसत असेल, तर आधी त्याचीच तपासणी. चाळिशीनंतर मॅमोग्राफी करून घ्यायला सांगतात. अजून मूल हवं असेल तर थांबलेलं बरं, कारण पुढच्या गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो आणि शस्त्रक्रियेनंतर दूध कमी येऊ शकतं.

सिगारेटच नव्हे, मशेरीसुद्धा किमान चार आठवडे आधी बंद हवी. निकोटिनमुळे रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. मशेरी लावता हे डॉक्टरांपासून लपवू नका.

नंतर काय?

पूर्ण भूल देऊन साधारण दोन ते तीन तास लागतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पहिले काही दिवस दुखतं, सूज असते. हलकी कामं एक-दोन आठवड्यांनी करता येतात. पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर, लहान मूल उचलणं मात्र चार ते सहा आठवडे बंद. तोवर आधाराची ब्रा घालायची आणि पाठीवर झोपायचं.

मुंबई किंवा पनवेलला शस्त्रक्रिया करून वडखळला परतणार असाल, तर एसटी किंवा दुचाकी नको. सोबत माणूस घ्या, आणि टाके तपासायला पुन्हा जावं लागणार हे धरून चाला.

व्रण राहतातच. ते फिके व्हायला वर्षभर लागतं. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, स्तनाग्राची संवेदना कमी होणं, दोन बाजूंत फरक, क्वचित स्तनाग्राची त्वचा मरणं हे धोके आहेत. ताप, पू, एकाच बाजूला अचानक सूज किंवा स्तनाग्र काळं पडलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. धाप लागली किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर थेट रुग्णालयात जा.

डॉक्टर आणि खर्च

प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी तपासा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही. कर्करोग, भाजणं किंवा अपघातानंतरच्या पुनर्रचनेचा नियम वेगळा आहे. मुंबईत जे.जे., केईएम आणि सायन रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहेत, तिथेही सल्ला घेता येतो.

'आजच बुक करा, सवलत मिळेल' म्हणणाऱ्याकडे घाई करू नका. व्रण कुठे येतील, बिघडलं तर पुढचा खर्च कुणाचा आणि रात्री फोन कोण उचलेल, हे तीन प्रश्न विचारा. आणि हे नवऱ्यासाठी की स्वतःसाठी, हा चौथा प्रश्न स्वतःला विचारा.