पाचटाच्या जाळावर उभं राहिलेलं गाव

मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर माएबूर नावाचं एक छोटं गाव आहे. मुंबईहून गेलेलं विमान ज्या प्लेझाँसच्या विमानतळावर उतरतं, तिथून ते गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर. तरीही आपल्याकडून मधुचंद्राला किंवा सहलीला गेलेली बहुतेक मंडळी ते न पाहताच परततात. विमानतळाबाहेर हॉटेलची गाडी उभी असते आणि ती थेट उत्तरेच्या ग्राँ बेला किंवा पश्चिमेच्या फ्लिक-आँ-फ्लाकला नेऊन सोडते. माएबूरची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. गावातले रस्ते सरळ आणि एकमेकांना काटकोनात छेदणारे, दुकानं बैठी, धक्क्याला लागलेल्या होड्या रंगीत. बेटावर येऊन गेलेल्या प्रत्येक सत्तेने आणि प्रत्येक धंद्याने इथे काहीतरी टाकून दिलं. माएबूरने ते उचललं आणि त्यावर आपलं जगणं उभारलं. या गावाची ओळख करून घ्यायची ती यासाठी.

उपसागर आणि लढाई

गावासमोर ग्राँ पोरचा उपसागर आहे. १५९८ मध्ये डच जहाजं याच उपसागरात शिरली आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या, मॉरित्सच्या नावावरून बेटाचं नाव ठेवलं. १६३८ मध्ये त्यांनी इथे वसाहत केली आणि पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणून लावला. डच १७१० मध्ये बेट सोडून गेले. डोडो पक्षी त्याआधीच संपला होता. ऊस मात्र राहिला.

त्यानंतर फ्रेंच आले. १७३५ मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने बेटाची घडी बसवली. बंदर, रस्ते, इस्पितळ, साखरेचा कारखाना असं सगळं त्याच्या काळात उभं राहिलं आणि ते उभारायला हजारो गुलाम आणले गेले. हे गाव प्रत्यक्षात वसलं ते त्याच्या नंतर, १८०५ च्या सुमारास, देकाँ या गव्हर्नरच्या काळात. नाव मात्र ला बूर्दोनेचं मिळालं.

पाचच वर्षांनी, ऑगस्ट १८१० मध्ये, या उपसागरात इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली. इंग्रजांच्या चार युद्धनौका आत घुसल्या, पण इथल्या पाण्याखालचे प्रवाळ त्यांना ठाऊक नव्हते. 'सिरियस' आणि 'मॅजिसिएन' खडकांत रुतल्या आणि त्यांच्याच खलाशांना त्या पेटवून द्याव्या लागल्या. 'नेरेइड' फ्रेंचांच्या हाती पडली, 'इफिजेनिया'ला शरण जावं लागलं. पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेल्या नावांमध्ये 'ग्राँ पोर' हे नाव याच लढाईमुळे आहे. जखमी झालेले दोन्ही बाजूंचे सेनानी, फ्रेंच द्युपेरे आणि इंग्रज विलोबी, गावाबाहेरच्या रोबिलार यांच्या बंगल्यात एकाच छपराखाली उपचार घेत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंग्रजांनी मोठी फौज आणून बेट जिंकलं. त्या फौजेत हिंदुस्थानातून नेलेले देशी शिपाईही होते.

रोबिलारांच्या बंगल्यात आज राष्ट्रीय इतिहास संग्रहालय आहे. डोडोची हाडं, बुडालेल्या जहाजांचे अवशेष आणि १७४४ मध्ये फुटलेल्या 'सें जेराँ' जहाजाची घंटा तिथे पाहायला मिळते. हीच जहाजफूट पुढे 'पॉल आणि व्हर्जिनी' या फ्रेंच कादंबरीचा आधार झाली.

उसाचं राज्य

इंग्रजांच्या अमलात उसाने बेट व्यापलं. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आली आणि मळेवाल्यांना ब्रिटनची बाजारपेठ मोकळी झाली. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी कायद्याने संपली. भरपाईपोटी ब्रिटिश सरकारने वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम दिली, तीही गुलामांच्या मालकांना. ज्यांनी आयुष्यभर राबून मळे उभे केले, त्यांच्या हाती दमडीही पडली नाही. त्यांतले बरेच जण मळे सोडून किनाऱ्याला आले आणि मासेमारीवर पोट भरू लागले. आग्नेय किनाऱ्यावरच्या क्रिओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या, कोळ्यांच्या वस्त्यांचं मूळ तिथे आहे.

मळ्यांना नवे हात हवे होते. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं करार करून हिंदुस्थानातून मॉरिशसला नेण्यात आली. बहुतेक जण बिहार आणि मद्रास इलाख्यातले होते. पण मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत होती आणि त्यांत रत्नागिरीकडची, कोकणपट्टीतली माणसं होती. त्यांचे वंशज प्रामुख्याने बेटाच्या पश्चिमेकडे, ब्लॅक रिव्हर आणि व्हाक्वा परिसरात राहतात. आज मॉरिशसमध्ये शाळेत मराठी शिकता येतं आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. माएबूरच्या आसपासच्या मळ्यांवर भोजपुरी आणि तमिळ बोलणाऱ्यांची संख्या अधिक होती. करार पाचेक वर्षांचा, काम पहाटेपासून, एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा हिशेब होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. १८६५ मध्ये पोर्ट लुईहून माएबूरपर्यंत आगगाडी आली. तिने उसाची आणि साखरेची वाहतूक सोपी केली आणि माएबूरला बाजारपेठ दिली. १९५६ मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे कारखानेही एकेक करून मिटले. युरोपने साखरेला दिलेली हमीभावाची सवलत २००९ मध्ये संपली आणि छोट्या कारखान्यांचा उरलासुरला आधारही गेला. आज चालू कारखाने बोटांवर मोजण्याइतके आहेत. शेतांत ऊस अजून डोलतो, पण त्यावर गावं जगत नाहीत.

कसाव्याची बिस्किटं

गावाच्या उत्तरेला ला शो नदीवर कॅव्हेंडिश पूल आहे. पलीकडे व्हील नुआर ही वस्ती लागते आणि तिथे रो कुटुंबाचा बिस्किटांचा छोटा कारखाना आहे. १८७० पासून इथे कसाव्याची बिस्किटं बनतात.

कसावा हा मुळात दक्षिण अमेरिकेतला कंद. मॉरिशसवर तो ला बूर्दोनेने आणवला, कारण गुलामांना खाऊ घालायला स्वस्त आणि भरपूर पिकणारं काहीतरी हवं होतं. वादळात भाताची आणि मक्याची शेतं आडवी होतात, कसाव्याचा कंद मात्र जमिनीखाली शाबूत राहतो. मळेवाल्यांना तो लावायची सक्ती करावी लागली. आपल्याला हा कंद अनोळखी नाही. उपासाच्या खिचडीतला साबुदाणा याच्याच पिठाचा असतो आणि आपल्याकडे येणारा बराचसा साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूला तयार होतो.

रो यांच्या कारखान्यात कंद धुऊन सोलतात आणि किसतात. किस दाबून त्यातलं पाणी काढून टाकतात. हे पाणी काढणं महत्त्वाचं, कारण कच्च्या कसाव्यात विषारी अंश असतो, तो किसणं, पिळणं आणि भाजणं या तिन्ही पायऱ्यांमधून जातो. मग किस चाळून त्याचं पीठ करतात. त्यात साखर आणि बडीशेप, दालचिनी, खोबरं, कस्टर्ड अशी चव मिसळतात. तापलेल्या लोखंडी तव्यावर चौकोनी साचे मांडून त्यांत पीठ भरतात, दाबतात आणि बिस्किटं दोन्ही बाजूंनी भाजतात. गव्हाचा कण नाही, यीस्ट नाही. बहुतेक काम हातानेच चालतं आणि नेमकं प्रमाण घराबाहेर जात नाही.

तव्याखाली जाळ असतो तो उसाच्या पाचटाचा. तोडणीनंतर शेतात पडून राहणारी वाळकी पानं गोळा करून आणायची आणि चुलीत सारायची. पाचट भुर्रकन पेटतं आणि लगेच विझतं, म्हणून जाळ घालणाऱ्याला सतत हात चालू ठेवावा लागतो. गॅस लावणं सोपं होतं. कारखान्याने पाचट सोडलं नाही, कारण भाजण्याची जुनी चव त्या जाळाची आहे. गुलामांच्या पोटासाठी लावलेला कंद आणि साखरवाल्यांनी शेतात सोडलेली पानं एकत्र आणून या कुटुंबाने दीडशे वर्षं टिकलेला धंदा उभारला. बेटावर साखरेची किती बडी घराणी होऊन गेली, त्यांच्या अनेक कारखान्यांच्या आज फक्त चिमण्या उरल्या आहेत. बिस्किटांचा कारखाना चालू आहे.

सोमवारचा बाजार

दर सोमवारी माएबूरला समुद्राजवळ बाजार भरतो. भाज्या, फळं, मसाले, कपडे, टोपल्या, खेळणी असं सगळं विकायला येतं आणि आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं लोटतात. गाड्यांवर ढोल पुरी मिळते. शिजवलेल्या वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण भरलेली ही मऊ पातळ पोळी रस्सा, चटणी आणि लोणच्यासोबत गुंडाळून देतात. करारावर आलेल्या मजुरांच्या, म्हणजे गिरमिटियांच्या, घरातली ही पोळी आता साऱ्या बेटाची झाली आहे, ती क्रिओल खातो, चिनी खातो, फ्रेंच वंशाचाही खातो. शेजारी गातो पिमाँ म्हणजे मिरची घातलेले डाळीचे छोटे वडे तळले जात असतात. हा बाजार पर्यटकांसाठी मांडलेला नाही. गाव आपली आठवड्याची खरेदी करत असतं आणि पाहुण्याला त्यात सामील होता येतं.

किनारा कोणाचा

माएबूरच्या दक्षिणेला प्वाँत देनी आणि ब्लू बे हे बेटावरचे अतिशय देखणे किनारे आहेत. हॉटेलं इथे आली ती याच पाण्यासाठी. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपासून आत ८१.२१ मीटरचा पट्टा फ्रेंच काळापासून सरकारी मालकीचा आहे. तेव्हा तो बेटाच्या संरक्षणासाठी राखला होता. आज सरकार तोच पट्टा हॉटेलांना आणि बंगलेवाल्यांना भाडेपट्ट्याने देतं. भरतीच्या रेषेखालची वाळू मात्र सर्वांची आहे आणि तिच्यावर चालण्यापासून कोणी कोणाला अडवू शकत नाही. हॉटेलांच्या कुंपणांनी आणि पहारेकऱ्यांनी व्यवहारात हा हक्क आक्रसत चालला आहे, म्हणून स्थानिक लोक त्याबद्दल फार जागरूक असतात.

या पाण्याची राखण करण्याची किंमत गावाने मोजली आहे. इथले अनेक जण होड्यांतून लगूनमधली, म्हणजे किनारा आणि प्रवाळाची रांग यांमधल्या उथळ पाण्यातली, वाळू काढून बांधकामाला विकत असत. वाळू उपशाने प्रवाळ आणि माशांची पैदास दोन्ही धोक्यात आल्यावर २००१ मध्ये त्यावर बंदी आली. भरपाई मिळाली, पण पिढीजात धंदा गेला. ब्लू बे सागरी उद्यान झालं आणि २००८ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. ३५३ हेक्टरांच्या त्या पाण्यात मेंदूच्या आकाराचा एक प्रचंड प्रवाळ आहे, तो हजारेक वर्षांचा मानला जातो. समोरच्या ईल-ओ-एग्रेत या सव्वीसेक हेक्टरांच्या बेटावर मॉरिशसचं मूळ किनारी जंगल पुन्हा वाढवलं जात आहे. १९९० च्या सुमारास जंगलात जेमतेम दहाएक उरलेलं गुलाबी कबूतर आज शेकड्यांनी आहे, त्यात या बेटाचाही वाटा आहे.

वाकाशियोचे दिवस

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशियो' हे जपानी मालकीचं, तीनशे मीटर लांबीचं मालवाहू जहाज प्वाँत देनीसमोरच्या प्रवाळावर चढलं. त्यात माल नव्हता, पण सुमारे चार हजार टन इंधन होतं. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे एक हजार टन काळं तेल लगूनमध्ये पसरलं. कोरोनामुळे बेटाच्या सीमा बंद होत्या. हॉटेलं रिकामी, बाहेरची मदत दूर.

तोडणीचा हंगाम चालू होता आणि शेतांत पाचट पडलं होतं. गावकऱ्यांनी ते गाडीगाडीने माएबूरच्या धक्क्यावर आणलं. कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट ठासलं, तरंगण्यासाठी रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधल्या आणि ते अडसर होड्यांनी ओढत नेऊन तेलाच्या वाटेत सोडले. तेल शोषायला लोकांनी आपले केसही कापून दिले. हे काम सरकारी यंत्रणेवर सोडा, असं सांगण्यात आलं. लोकांनी ते मानलं नाही. बेटाच्या कानाकोपऱ्यातून हजारो स्वयंसेवक आले, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी, सगळे. ईल-ओ-एग्रेतवरची दुर्मिळ रोपं आणि पक्षी सुरक्षित जागी हलवले गेले. प्रवाहाची दिशा उत्तरेकडे असल्याने ब्लू बे बऱ्याच अंशी वाचलं, पण खारफुटीला आणि उत्तरेच्या कोळीवाड्यांना मोठा फटका बसला, महिनोन् महिने मासेमारी थांबली. १२ सप्टेंबरला हजारो लोक जाब विचारायला माएबूरच्या रस्त्यांवर उतरले. पुढे जहाजाच्या भारतीय कप्तानाला तिथल्या न्यायालयाने शिक्षा ठोठावली.

साखरेने या गावाला श्रीमंत केलं नाही आणि हॉटेलांनीही फारसं केलेलं नाही. त्याला तारलं ते त्याच्या माणसांनी, ज्यांना मळ्याने मजुरीपलीकडे काही दिलं नव्हतं. म्हणून मॉरिशसचं खरं मोल समजून घ्यायचं, तर ते इथेच समजतं.

मॉरिशसला जाणार असाल तर एक सोमवार माएबूरसाठी राखून ठेवा. बाजारात ढोल पुरी खा, पूल ओलांडून बिस्किटांचा कारखाना पाहा, संग्रहालयात तासभर घालवा. ब्लू बेला पाण्यात उतरलात तर प्रवाळावर पाय ठेवू नका आणि त्याचा तुकडाही उचलू नका. आणि जे विकत घ्याल ते गावातल्या माणसाच्या हातून घ्या, म्हणजे तुमच्या सहलीचा पैसा या गावात राहील.