सभागृहाच्या छपरावरचे पाणी जाते कोणाच्या दारात?

वस्तीत समाजमंदिर, वाचनालय, बालवाडी किंवा सभागृह व्हायचे ठरले, की बैठकीला माणूस मावत नाही. सभागृह किती लांब, व्यासपीठ कोणत्या बाजूला, फरशी कोणती, कमानीवर अक्षरे कोणत्या रंगात, कोनशिलेवर नावे कोणाकोणाची, या एकेका प्रश्नावर रात्रीचे बारा वाजतात. गेल्या वीस वर्षांत अशा कितीतरी बैठकांत आम्ही सतरंजीवर बसून टिपणे घेतली आहेत. त्यांत एक प्रश्न मात्र क्वचितच ऐकला. या इमारतीवर आणि तिच्या आवारात पडणारे पावसाचे पाणी कोठे जाणार?

हा प्रश्न इंजिनिअर मंडळींचा आहे, आपला नव्हे, असे पुष्कळांना वाटते. आम्हीही इंजिनिअर नव्हे. कचेरीत हिशेबाच्या वह्या सांभाळणारी माणसे आहोत आम्ही. पण हा प्रश्न मुळात हिशेबाचाच आहे आणि तो चौथीतल्या मुलालाही जमेल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी झाले. आता साठ फूट लांब आणि चाळीस फूट रुंद सभागृह घ्या. त्याचे छत सुमारे २२३ चौरस मीटर भरते. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या छतावरून ११ हजार लिटरहून जास्त पाणी खाली येईल. पाण्याचा एक मोठा टँकर आपण आपल्या हाताने आवारात ओतल्यासारखेच हे झाले. आवार वीस गुंठ्यांचे असेल तर त्याच तासात सगळ्या जागेवर एक लाख लिटर, म्हणजे दहा टँकर पाणी पडते.

जागा मोकळी, गवताची, मुरमाची होती तेव्हा त्यातले बरेचसे पाणी जमीन पिऊन टाकत होती. (संततधार लागली की जमिनीचेही पोट भरते, हे खरे. पण पहिल्या जोराच्या सरी ती झेलते.) आपण छत घातले, कोबा केला, चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक ठोकले, की दहातले नऊ टँकर वाहू लागतात. पाऊस तेवढाच पडतो, वाहणारे पाणी मात्र दुप्पट-तिप्पट होते, आणि ते उताराने खाली जाते. खाली कोण राहते?

हा प्रश्न आमच्या समाजाने तरी विचारायलाच हवा. आपल्या बहुतेक गावांत वस्ती गावकुसाबाहेर, ओढ्याच्या काठाला, सखल अंगाला. शहरात आलो तरी झोपडी मिळाली ती नाल्याच्या कडेला. वरच्या आळीचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच दारातून गेले. म्हणूनच आपले स्वतःचे सभागृह जेव्हा आपल्याच खालच्या ओळीतल्या घरांवर पाणी सोडते, तेव्हा मनाला जास्त लागते.

एका तालुक्याच्या गावी आम्ही हे पाहिले. गावाचे नाव लिहीत नाही, कारण गोष्ट एकाच गावाची नाही. सार्वजनिक सभागृहासाठी मिळालेली जागा खोलगट होती. मोजणीच्या वेळी एका आजींनी सांगितले होते, “बाबा, हितं पानी थांबतं. आमच्या लहानपनी म्हशी बसायच्या हितं.” त्यांचे बोलणे कोणी कागदावर घेतले नाही. ठेकेदाराने भराव टाकून जागा तीन फूट उचलली, त्यावर जोते आणले आणि भिंती उभ्या केल्या. सभागृह देखणे झाले. पण त्या खोलगट भागातून वरच्या शेतांचे पाणी ओढ्याकडे जात होते आणि नेमकी तीच वाट भरावाखाली गेली. पुढच्या आषाढात पाणी भरावाला अडले, वळले आणि मागच्या चौदा घरांत शिरले. सभागृह कोरडे होते. त्याच्या कोरड्या ओट्यावर आयाबाया पोरांना घेऊन बसल्या होत्या आणि आत घरात ज्वारीची पोती भिजत होती. शाळेची दप्तरे दोरीवर वाळत घातलेली आम्ही पाहिली.

मग अर्ज सुरू झाले. संबंधित कार्यालयाचे उत्तर आले की, काम मंजूर नकाशाप्रमाणे झाले आहे. ते उत्तर खोटे नव्हते. मंजूर नकाशात भिंती, खिडक्या, दरवाजे होते. पाण्याची वाट तेवढी नव्हती. दोन पावसाळे गेल्यावर भरावाच्या कडेने चर खणून, रस्त्याखाली मोरी टाकून पाणी ओढ्याला लावले. पायाभरणीच्या वेळी जे काम थोडक्यात झाले असते, त्यासाठी झालेला रस्ता फोडावा लागला.

मोठ्या शहराचा हिशेबही याहून निराळा नाही. मुंबईची जुनी पर्जन्यजल व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी, असे धरून आखलेली होती. शिवाय पडलेल्या पावसातला निम्माच वाहील, निम्मा जमिनीत जिरेल, असे त्यात गृहीत होते. पुढे मैदाने गेली, अंगणे गेली, डांबर आणि काँक्रीट आले. जिरायला जागाच उरली नाही. १९९३ साली ‘ब्रिमस्टोवॅड’ नावाने ओळखला जाणारा अहवाल आला. त्याने तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि तो सगळाच्या सगळा वाहणार, असे धरून नाले मोठे करावयास सांगितले. काम रेंगाळले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्याच वेळी कुलाब्यात ७५ मिलिमीटरही झाला नव्हता. म्हणजे एकाच शहरात पावसाची सरासरी काढून भागत नाही. मिठी नदीकाठी कोणाची घरे वाहून गेली, ते वाचकांना सांगण्याची गरज नाही.

नंतर मुंबईत आणखी एक उपाय झाला. दादर-परळच्या हिंदमाता भागात दरवर्षी कंबरभर पाणी साचायचे. तेथले पाणी समुद्राला भरती असताना बाहेर जाऊच शकत नाही. तेव्हा २०२१ पासून जवळच्या प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेव्हियर्स मैदान येथे जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधून जादा पाणी तात्पुरते साठवायचे आणि ओहोटी आली की सोडायचे, अशी योजना केली. वर मैदान, पोटात पाणी. लहान आवारातही हीच युक्ती चालते. खेळाच्या मैदानाचा एक कोपरा हातभर खोल ठेवा, त्याला लहान तोंडाचा निकास द्या. मोठ्या सरीचे पाणी तेथे दोन-तीन तास थांबेल आणि हळूहळू जाईल. खालच्या घरांवर एकदम लोंढा येणार नाही.

आपल्या लोकांना हे नवे वाटण्याचे कारण नाही. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत सहलीला गेलेल्यांनी मूर्ती पाहिल्या असतील, पण पायऱ्यांच्या कडेने आणि कातळाच्या माथ्यावरून खोदलेल्या अरुंद पन्हळी पुन्हा एकदा नीट पाहाव्यात. डोंगरावरचा पाऊस लेण्याच्या दाराशी पडू न देता बाजूला घ्यायचा आणि टाक्यांत सोडायचा, ही रचना शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या वसाहतीत जागोजागी दिसते. टाक्याला तेथल्या शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. लेणे दान देणारा उपासक सोबत पोढीचेही दान देई आणि ते दगडावर कोरून ठेवी. आमच्या कोनशिलेवर टाकीचे किंवा गटाराचे नाव कोणी कोरल्याचे अजून पाहण्यात नाही!

तर मग करावयाचे काय? पहिली गोष्ट म्हणजे, जागा पावसाळ्यात पाहावी. उन्हाळ्यात सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. भर पावसात छत्री घेऊन जावे, पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठून बाहेर जाते, ते पाहून कागदावर बाण काढावेत. पावसाळा हातात नसेल तर शेजारच्या बायकांना विचारावे. पाणी कोणत्या वर्षी उंबऱ्याला लागले आणि कोणत्या वर्षी चुलीपर्यंत आले, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. मोजणीला त्यांना बोलवावे आणि त्यांचे म्हणणे लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट निकासाची, आणि सगळे घोडे येथेच पेंड खाते. आवाराचे पाणी शेवटी ज्या ओढ्यात, नाल्यात किंवा रस्त्याच्या गटारात जाणार, त्याचा तळ आपल्या आवाराच्या सखल कोपऱ्यापेक्षा खाली आहे ना? नसेल तर आत कितीही सुंदर गटारे बांधा, पाणी उलटे येईल. यासाठी मोठे यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी दोन टोकांना धरली तरी तळ वर की खाली ते कळते. सरकारी कामात रीतसर लेव्हल घेतात, त्या लेव्हलचे आकडे नकाशावर मागून घ्यावेत. जोत्याची उंची ठरवायची ती याच्यानंतर. राष्ट्रीय इमारत संहितेत जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर असावे असे आहे आणि त्याच नियमात आवाराचा निचरा नीट झाला पाहिजे, असेही आहे. लोक पहिले वाक्य वाचतात, दुसरे विसरतात. जोते उंच करा, पण सगळे आवार भराव टाकून उंच करू नका आणि जुनी पाण्याची वाट तर कधीच बुजवू नका. ती वाट नकाशावर दाखवून मोकळी ठेवा. भिंतीपासून बाहेर दर दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार दिला म्हणजे पायात पाणी मुरत नाही.

छताच्या पाइपांत फार काटकसर होते. चार इंची एक उभा पाइप, तासाला ५० मिलिमीटरच्या वेगाने पडणाऱ्या पावसात, सुमारे ८५ चौरस मीटर छताचे पाणी उतरवतो. वेग १०० मिलिमीटरचा झाला की निम्म्याच छताचे. दहा-पंधरा मिनिटांची सर तेवढ्या वेगाने सहज येते. म्हणजे वर सांगितलेल्या सभागृहाला सहा पाइप हवेत. वर लिहिलेल्या सभागृहाला दोन होते. छत तळ्यासारखे भरले आणि पुढे स्लॅब गळू लागला, तेव्हा सगळ्यांनी सिमेंटला दोष दिला.

पाणी जिरवायचे म्हटले तर जमीन ओळखावी लागते. मुरमाच्या जमिनीत शोषखड्डा उत्तम चालतो. काळ्या मातीत तो भरून बसतो, वर ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात. तेथे पाणी इमारतीपासून दूर नेलेलेच बरे. शोषखड्डा पायापासून, संडासाच्या टाकीपासून आणि पिण्याच्या विहिरीपासून लांब असावा. छताचे पहिल्या एक-दोन सरींचे घाण पाणी सोडून देऊन मागचे टाकीत धरले, तर धुण्याला, झाडांना, संडासाला उपयोगी पडते. राज्याच्या २०२० सालच्या एकत्रित विकास नियमावलीत ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवर पाऊसपाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय आवश्यक केली आहे. टाकीला घट्ट झाकण आणि जाळी हवी, नाहीतर डासांची पैदास करून डेंग्यूला आपणच आमंत्रण देऊ. आणि पावसाचे पाणी सांडपाण्याच्या पाइपाला जोडण्याचा सोपा मार्ग कोणी सुचवला तर ठाम नकार द्यावा. पहिल्याच मोठ्या पावसात संडासाचे भांडे उलटे वाहते.

आता आमच्या कामाचे, म्हणजे कागदाचे. अंदाजपत्रकात पर्जन्यजलाची बाब बहुधा सर्वांत शेवटी, ‘परिसर विकास’ या शीर्षाखाली असते. इमारत वर जाता जाता खर्च वाढतो, निधी संपत येतो आणि शेवटची बाब कापली जाते. कमान राहते, गटार जाते. म्हणून निविदा निघण्यापूर्वीच गटार, मोरी, चेंबर आणि शोषखड्डा या बाबी इमारतीच्या मुख्य कामातच धरून घ्याव्यात, आणि मातीकामाबरोबर त्या आधी पूर्ण व्हाव्यात अशी मागणी ग्रामसभेत लेखी करावी. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासाच्या योजनेत समाजमंदिराप्रमाणे गटारांचीही कामे घेता येतात. दोन्ही प्रस्ताव एकत्र पाठवले तर दोन्हींचा मेळ बसतो. नकाशा, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली मिळतात. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. मोजमाप पुस्तिकेत गटार लिहिले आहे आणि जागेवर नाही, असे निघाले तर त्याचे काय करायचे ते आमच्या कार्यकर्त्यांना शिकवायला नको.

राहिली देखभाल. गटाराला झाकणे पक्की हवीत, आणि चेंबरच्या झाकणाखाली लोखंडी जाळी हवी. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईत एक नामवंत डॉक्टर पाण्याखाली न दिसलेल्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून दगावले. सभागृहाच्या आवारात तर दिवसभर मुले खेळतात. गाळ काढायचा तो मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मृग लागण्याच्या आत, आणि काढलेला गाळ त्याच दिवशी उचलायचा. काठावर ठेवला तर पहिल्या सरीने पुन्हा आत.

एका वस्तीत हे काम महिला मंडळाने हाती घेतले आहे. चेंबर उघडायची लोखंडी सळई त्यांच्या अध्यक्षीणबाईंच्या घरी असते आणि पंचायतीच्या माणसाने येऊन गाळ काढल्याची तारीख त्या सभागृहाच्या वहीत लिहितात. मागच्या खेपेस आम्ही गेलो तेव्हा त्यांनी वही दाखवली. दोन वर्षांच्या नोंदी होत्या. एका तारखेपुढे लिहिले होते, “उत्तरेकडची मोरी अर्धीच साफ, पुन्हा बोलावले.” त्याखाली तीन दिवसांनंतरची तारीख आणि त्या माणसाची सही होती.