काळा पडदा आणि जिवंत यंत्र

संगणकाची कळ दाबावी, पंख्याचा बारीक आवाज सुरू व्हावा, निर्मात्याचें चिन्ह क्षणभर दिसावें आणि मग पडदा काळा पडून तसाच राहावा, हा प्रसंग लिनक्स वापरणाऱ्या पुष्कळ घरांत केव्हां ना केव्हां येतो. घाबरलेल्या माणसाला अशा वेळीं पहिला सल्ला मिळतो तो बहुधा हा, कीं सर्व पुसून टाकून लिनक्स नव्यानें बसवावें. तो ऐकल्यास पडदा कदाचित् उजळेलही. परंतु आंत सांठविलेलीं छायाचित्रें, पत्रें, घरचे हिशेब, एखादा अर्धवट लिहिलेला प्रबंध, हें सारें त्यापायीं कायमचें नाहींसें होण्याचा संभव असतो. खेदाची गोष्ट ही, कीं पुष्कळदां यांतील एकाही वस्तूला मुळांत धक्का लागलेला नसतो. रेडिओच्या तबकडीमागचा दिवा गेला म्हणून गाणें थांबत नाहीं. तसाच पडदा काळा झाला म्हणून संगणक मेला, असें नव्हे.

हें नीट समजण्यासाठीं संगणक जागा कसा होतो, तें पाहिलें पाहिजे. विद्युत्प्रवाह मिळतांच प्रथम जागी होते ती मुख्य फळींत कायमची बसविलेली आज्ञावली. तिला फर्मवेअर म्हणतात. निर्मात्याचें चिन्ह दिसतें तें बहुधा तिच्याच अमदानींत. तिच्याकडून कारभार ग्रब नांवाच्या आज्ञावलीकडे येतो. ग्रब हा देवडीवरचा पहारेकरी होय; आंत कोणाला सोडावयाचें तें तो ठरवितो. तो ज्याला आंत सोडतो तो कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ज्याची पहिली आवृत्ति प्रसिद्ध केली, तो हाच. कर्नल यंत्राचे निरनिराळे भाग ओळखतो व प्रत्येकासाठीं योग्य तो ड्रायव्हर जोडतो. सर्वांत शेवटीं नांव आणि परवलीचा शब्द विचारणारा प्रवेशाचा पडदा येतो.

पूर्वी या अवधींत पडद्यावर अक्षरांच्या ओळी धांवत. त्या रुक्ष दिसतात म्हणून त्यांच्यापुढें सुबक चित्र ठेवणारी प्लायमाउथ नांवाची आज्ञावली निघाली. फेडोराच्या नोव्हेंबर २००८ मधील आवृत्तींत ती आली आणि एप्रिल २०१० मध्यें उबुंटूनेंही ती स्वीकारली. नाटकगृहांत रंगमंचावर सामान मांडलें जात असतां पुढें रंगविलेला पडदा सोडलेला असतो, तशीच ही योजना आहे. सोय मोठी, परंतु तिच्यांत एक अडचणही आहे: पडद्यामागें कांहीं अडलें तर प्रेक्षकाला त्याचा पत्ता लागत नाहीं. म्हणून चित्र दिसून तेथेंच खिळलें, तर प्रथम एस्केपची कळ दाबावी. पुष्कळदां चित्र बाजूला होऊन मागच्या ओळी दिसूं लागतात आणि गाडी कोठें थांबली तें वाचतां येतें.

पडदा अगदींच काळा असेल, तर उजेड नेमका कोणत्या टप्प्यावर गेला, हा एकच प्रश्न क्रमानें विचारावा. निर्मात्याचें चिन्हसुद्धां दिसलें नाहीं, तर लिनक्सला दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याची पाळी अद्याप आलेलीच नसते. तेव्हां पडद्याची केबल पाहावी, आणि वेगळें ग्राफिक्स कार्ड असल्यास ती त्याच कार्डाच्या खोबणींत लावली आहे ना, याची खात्री करावी. चिन्ह दिसून मग अंधार झाला, तर कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा लागतो व विझतो का, तें पाहावें. तो दाद देत असेल, तर यंत्र जिवंत आहे असें बहुधा समजावें. चकती कुलूपबंद, म्हणजे सांकेतिक रूपांत ठेवलेली असेल, तर संगणक काळ्या पडद्याआड परवलीच्या शब्दाची वाटही पाहत असूं शकतो.

यानंतर ग्रबची भेट घ्यावी. संगणक पुन्हां सुरू करतांना जुन्या पद्धतीच्या यंत्रावर शिफ्टची कळ धरून ठेवावी. नव्या यूईएफआय पद्धतीच्या यंत्रावर एस्केपची कळ दाबावी. यादी आली म्हणजे ‘ई’ अक्षराची कळ दाबावी. ‘लिनक्स’ या शब्दानें आरंभ होणाऱ्या ओळीच्या शेवटाकडे बहुधा ‘क्वायट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द असतात. पहिला संदेशांना गप्प करतो, दुसरा चित्र पुढें आणतो. ते दोन्ही काढून त्यांच्या जागीं ‘नोमोडसेट’ हा एकच जोडशब्द घालावा आणि एफ १० दाबावें. पडद्यावरील ठिपक्यांचें माप ठरविण्याचें काम मार्च २००९ मध्यें निघालेल्या २.६.२९ या आवृत्तीपासून कर्नल स्वतः करूं लागला, प्रथम इंटेलच्या कार्डांसाठीं. तें काम तूर्त करूं नये, असें हा शब्द सांगतो. चित्र ओबडधोबड दिसेल, पण दिसलें, तर दोष बहुधा ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्यें आहे, हें कळून चुकतें. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. म्हणून तो करण्यांत भय नाहीं.

ड्रायव्हर बिघडण्याचें एक नेहमींचें कारण म्हणजे नुकतेंच झालेलें अद्ययावतीकरण. एनव्हिडिया कंपनीचा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेरचा असतो व प्रत्येक नव्या कर्नलशीं त्याचा मेळ घालावा लागतो. तो मेळ बसला नाहीं, किंवा सिक्युअर बूट या पहाऱ्यानें सही नसलेला ड्रायव्हर अडविला, तर अंधार होतो. अशा वेळीं ग्रबच्या यादींतील अधिक पर्यायांत शिरून आधींचा कर्नल निवडावा. कालपर्यंत चालणारें यंत्र त्यानें बहुधा पूर्ववत् चालतें.

प्रवेशाचा पडदाच येत नसेल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ या तीन कळा एकदम दाबाव्या. केवळ अक्षरांचा पडदा येऊन नांव विचारलें जाईल. तेथें ‘डीएफ’ ही आज्ञा देऊन चकती तुडुंब भरली नाहीं ना, तें पाहावें. जागा उरली नाहीं म्हणजेही प्रवेशाचा पडदा उभा राहत नाहीं.

इतकें करूनही अंधार हटला नाहीं, तरी श्रोत्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: पुसून टाकणें ही शेवटची पायरी असून तिच्याआधीं आणखी एक पायरी आहे. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा पेन ड्राइव्ह तयार करावा, बिघडलेला संगणक त्यावरून सुरू करावा आणि कांहींही न बसवितां केवळ चाखून पाहण्याचा पर्याय निवडावा. आंतली चकती मग कपाटासारखी उघडतां येते. ती कुलूपबंद असल्यास परवलीचा शब्द मात्र हवा. छायाचित्रें, हिशेब आणि प्रबंध दुसऱ्या चकतीवर उतरवून घ्यावे व ते तेथें उघडतात याची खात्री करावी. मग लिनक्स खुशाल नव्यानें बसवावें.