फ्लोटवरची गोगलगाय

घरातला समुद्र समजून घ्यायचा तर टाकीसमोर उभं राहून भागत नाही. खालच्या कपाटाचं दार उघडून गुडघ्यांवर बसावं लागतं. वर निळसर उजेड, प्रवाळ, मासे. खाली दुसरी, बिनसजावटीची टाकी. वरचं पाणी तिच्यात उतरतं आणि पंपानं पुन्हा वर चढतं. हिला सम्प म्हणतात. मराठीत त्याचा सहज 'संप' होतो, आणि एखाद्या रात्री पंप अडकला की अर्थही तोच उरतो. सम्पमध्ये फेस काढणारा स्किमर, हीटर, वायरींचं जंजाळ आणि एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा फ्लोट. या छंदातलं बाकीचं यंत्रवैभव तूर्त बाजूला ठेवून त्या फ्लोटकडे बघण्यासारखं आहे.

हिशोब साधा आहे. ४ फूट लांब, २ फूट रुंद आणि २ फूट उंच टाकीत दगड-वाळू वजा जाता ४०० लिटर पाणी धरा. समुद्राएवढा खारटपणा हवा, म्हणजे लिटरमागे ३५ ग्रॅम. एकूण १४ किलो मीठ. रोज एखादा टक्का, म्हणजे ४ लिटर पाणी उडून जातं. मीठ मात्र जागेवरच राहतं. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर ३५ चे साडेसदतीस होतात. प्रवाळाला असे चढउतार मानवत नाहीत. म्हणून उडालं तेवढं गोडं पाणी, तेही आरओचं, रोज परत घालायचं. महाराष्ट्रात तर उन्हाळ्यात पाणी २५-२६ अंशांवर ठेवायला पंखा लावावा लागतो, आणि पंखा लावला की पाणी आणखी उडतं.

हे घागर घेऊन करता येतं. पण माणूस विसरतो, म्हणून फ्लोट.

त्याच्या पोटात चुंबक असतो. मधल्या दांडीत काचेची बारीक नळी आणि नळीत दोन पातळ पट्ट्या. पाणी उतरलं की फ्लोट खाली येतो, पट्ट्या चिकटतात, छोटा पंप सुरू होतो आणि शेजारच्या कॅनमधलं गोडं पाणी सम्पमध्ये पडतं. पातळी आली की फ्लोट वर, पंप बंद. ही रीड स्विचची करामत १९३६ मध्ये बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवुड यांनी घडवली. पुढं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये राबलेला हा स्विच आता दिवाणखान्यातल्या प्रवाळाची तहान मोजतो.

यंत्रांशिवाय भागत नव्हतं असंही नाही. इंडोनेशियातले ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं की समुद्रातलं पाणी, जिवंत दगड (म्हणजे सूक्ष्मजीवांनी वस्ती केलेले समुद्रातले दगड) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालते. पण त्यांच्या हाताशी समुद्र होता. समुद्रापासून लांब राहणाऱ्या बर्लिनच्या छंदिष्टांनी जिवंत दगडांना दमदार स्किमरची जोड दिली, आणि तिसरी वस्तू घेतली ती आपल्या ओळखीची: चुन्याची निवळी. जर्मन भाषेत तिला काल्कवासर म्हणतात. प्रवाळ सांगाडा बांधताना पाण्यातलं कॅल्शियम आणि अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद, खातो; निवळी दोन्ही भरून काढते.

इथंच पहिली शक्कल सुचते. रोज ४ लिटर पाणी घालायचंच आहे, तर साध्या पाण्याऐवजी निवळीच का घालू नये? तेवढ्या निवळीनं ४०० लिटरची अल्कलिनिटी साधारण १.१ डीकेएचनं (हे तिचं माप) वाढते. बेताच्या प्रवाळांना ते पुरतं. एका यंत्रात दोन कामं! पावसाळा लागेपर्यंत सगळं छान चालतं. जुलैत हवा ओली होते, पाणी कमी उडतं, फ्लोट कमी वेळा खाली येतो, आणि प्रवाळाची भूक तीच असताना त्याचं जेवण अर्ध्यावर येतं. फ्लोटची काही चूक नसते. त्याला पातळी कळते, भूक कळत नाही.

भूक मोजणारी यंत्रंही आली आहेत. नेपच्यून सिस्टिम्सचं ट्रायडेंट टाकीतलं पाणी स्वतः ओढून घेतं, त्यात रसायनं मिसळून रंगातला बदल टिपतं आणि अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आकडे फोनवर पाठवतं. शाळेच्या प्रयोगशाळेत ब्युरेटखाली डोळे बारीक करून आपण जे केलं तेच, दिवसातून अनेकदा. त्या आकड्यांवरून डोसिंग पंपाला हुकूमही देता येतो. मोह पडावा असंच हे यंत्र आहे. पण रसायन शिळं झालं, नळीत बुडबुडा अडकला, की चुकीचा आकडाही ते तितक्याच ठामपणे सांगतं.

आणि मग गोगलगाय. शेवाळ खाण्यासाठी टाकीत सोडलेली ही गरीब बिचारी कधीतरी सम्पमध्ये उतरते आणि फ्लोटवर चढून बसते. गोगलगाय आणि पोटात पाय! तिच्या भारानं फ्लोट खालीच राहतो; स्विचला वाटतं, पाणी कमी आहे. पंप ओततच राहतो. उलटही होतं: दांडीवर मिठाची खपली धरते, फ्लोट वरच अडकतो आणि थेंबही पडत नाही.

ओतत राहिलेला पंप जास्त वाईट. कॅन २० लिटरचा असेल आणि सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी असेल, तर खारटपणा ३५ वरून ३३.३ वर येतो; टाकी बहुधा तगते. शंभर लिटरचा पिंप असेल तर घरभर पाणी होतं, आणि टाकीतलं पाणी फिकं पडतं ते वेगळंच. त्याच कॅनमध्ये निवळी असेल तर वीस लिटरही भारी. निवळीचा पीएच बाराच्या वर असतो. टाकीचं पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि सकाळपर्यंत बरंच काही मेलेलं असतं. एका यंत्रात दोन कामं घातली की बिघाडही दोन कामांचा होतो, हे तेव्हा कळतं.

म्हणून जाणती मंडळी वर दुसरा फ्लोट बसवतात, पंप काही मिनिटांतच बंद पडेल असा टायमर लावतात, निवळीसाठी वेगळा डोसिंग पंप ठेवतात आणि दिवसाचा डोस चोवीस तुकड्यांत विभागतात. एका मोठ्या हीटरऐवजी दोन लहान हीटर घेतात, कारण हीटर चालू अवस्थेतच अडकला तर लहान हीटरला पाणी धोक्याइतकं तापवायला वेळ लागतो. वीज गेली की हे सारं शहाणपण एकदम गप्प होतं; तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप तेवढा कामाला येतो, कारण आधी संपतो तो पाण्यातला प्राणवायू.

टाकीसाठी प्रवाळ कुठून आणायचे, हाही प्रश्न आहेच. आपल्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात जिवंत प्रवाळ आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीनं त्यांना हात लावायला बंदी केली आहे, हे टाकी मांडणाऱ्यानं आधी ध्यानात घ्यावं.

गणपतीला आठ दिवस कोकणात जायचं असेल तर नवं यंत्र आदल्या दिवशी बसवू नका. फ्लोट व्हिनेगरमध्ये बुडवून स्वच्छ करा आणि त्याभोवती जाळी लावा. पावसानं दडी मारली आणि रोज ४ लिटर उडालं, तर २० लिटरचा कॅन पाचव्या दिवशी रिकामा होईल. तो भरायला शेजारच्या काकांना किल्ली द्या; तेवढी भीड वाचवण्यासाठी पिंप ठेवू नका.