घरबसल्या विमान

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या एस.टी.ने निघाले की चिकलठाण्याला विमानतळ लागतो. तुमच्यापैकी पुष्कळांनी तेथे विमान उतरताना पाहिले असेल. विमान दिसले की गाडीतली सारी मंडळी खिडकीकडे वळतात. रडणारे लेकरूही गप्प होते. आम्हीही विमान असेच पाहत आलो. आत बसण्याचा योग अजून आलेला नाही.

पण आमचा एक पुतण्या रोज रात्री जेवण झाले की विमान चालवतो. तेही सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात, अंगात बनियन घालून! तो वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहे. तो वैमानिक नाही. तरी दिल्ली, मुंबई, लंडन अशी किती तरी विमानतळे त्याने पालथी घातली आहेत. ही काय भानगड आहे, ते या पाठात सांगतो.

त्याच्या टेबलावर एक कॉम्प्युटर आहे. पडद्यावर विमानाची समोरची काच दिसते. काचेखाली घड्याळासारख्या तबकड्या दिसतात. एक तबकडी वेग सांगते, एक उंची सांगते, एक दिशा सांगते. टेबलाला एक दांडा बसवला आहे. त्याला जॉयस्टिक म्हणतात. दांडा मागे ओढला की विमानाचे नाक वर होते. पुढे लोटला की नाक खाली जाते. डावीकडे कलवला की विमान डाव्या अंगावर कलते आणि वळते. आपण सायकल वळवताना कलतो ना, तसेच. पायाशी दोन पेडल आहेत. ती पुतण्याने घरीच केली. प्लंबरचे पाइप घेतले, भंगारवाल्याकडून दोन स्प्रिंगा आणल्या, झाले काम. विकतची पेडल त्याच्या खिशाला परवडत नव्हती.

अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. सिम्युलेटर म्हणजे नक्कल करणारे यंत्र. शाळेत नक्कल केली म्हणून आम्ही पुष्कळ मुलांना बाकावर उभे केले आहे. येथे मात्र नक्कल जितकी हुबेहूब, तितकी ती चांगली.

"हा पोरखेळ आहे," असे आम्ही एकदा बोलून गेलो. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही बसून तर बघा."

आम्ही बसलो. त्याने आम्हाला चार माणसांचे लहान विमान दिले. विमान चिकलठाण्याच्या धावपट्टीवर उभे होते. ही धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. कोणत्या बाजूने उडायचे, ते वाऱ्यावर ठरते. शेतकरी धान्य उफणताना वारा पाहतो. वैमानिकही वारा पाहतो. विमान वाऱ्याकडे तोंड करून धावते. समोरचा वारा पंखांना आयताच मिळतो, म्हणून ते लवकर उचलते.

आम्ही इंजिनाचा जोर वाढवला. विमान धावू लागले. पुतण्या वेग मोजत होता. ताशी शंभर किलोमीटर झाले आणि तो ओरडला, "काका, ओढा! आता ओढा!" आमचा हात घाबरला. ओढायला उशीर झाला. धावपट्टी संपली, विमान पलीकडे घुसले आणि पडदा काळा झाला. दुसऱ्या वेळी आम्ही दांडा फार जोरात ओढला. नाक आभाळाकडे गेले, पंखांवरून वाहणारा वारा सुटला आणि विमान धोंड्यासारखे खाली आले. तिसऱ्या वेळी चार मिनिटे उडालो. खाली दौलताबादचा किल्ला दिसतो का, ते पाहण्याच्या नादात पुन्हा पडलो. घरातली सारी मंडळी हसली. आमच्या शर्टाची पाठ मात्र घामाने भिजली होती. पोरखेळ हा शब्द आम्ही परत घेतला.

आता हे यंत्र निघाले कसे, ते ऐका. ती मोठी मौजेची गोष्ट आहे.

अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना होता. ऑर्गन म्हणजे आपल्या भजनातल्या पेटीचा थोरला भाऊ. पेटीला भाता असतो. भात्यात हवा भरली की तो फुगतो, हवा सोडली की बसतो. लिंकला विमान शिकायचे होते, पण शिकवणीचे पैसे फार पडत. त्याने विचार केला, भात्याने सूर निघतो, तर भात्याने खोकेही हलेल. त्याने लाकडाचे लहानसे विमान केले. त्याखाली भाते बसवले. आत बसून दांडा हलवला की भाते फुगत आणि बसत, आणि विमान जागच्या जागी कलत असे. हे 1929 साल.

सैन्याने आधी त्याच्याकडे लक्ष दिले नाही. मग लिंकने ती यंत्रे जत्रेसारख्या करमणुकीच्या ठिकाणी विकली. लोक नाणे टाकत आणि डुलून घेत. पुढे 1934 साली अमेरिकेत विमानाने टपाल नेण्याचे काम सैन्याकडे आले. सैन्याच्या वैमानिकांना धुक्यात व रात्री, नुसत्या तबकड्या पाहून उडण्याची सवय नव्हती. थोड्याच दिवसांत बरेच वैमानिक मेले. तेव्हा सैन्याला लिंकची आठवण झाली. त्याला भेटायला बोलावले, त्या दिवशी धुके दाट होते. अधिकारी म्हणाले, आज काही तो येत नाही. तेवढ्यात लिंक त्या धुक्यातून विमान घेऊन उतरला! सैन्याने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या भात्यांच्या खोक्यात शिकले.

हे झाले सैन्याचे. सामान्य माणसाच्या घरात हे यंत्र आले ते कॉम्प्युटर आल्यावर. ब्रूस आर्टविक नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने 1975 साली उड्डाणाचे चित्र कॉम्प्युटरवर कसे काढावे, यावर प्रबंध लिहिला. पाच-एक वर्षांनी त्याने घरच्या लहान कॉम्प्युटरवर चालेल असा खेळ केला. 1982 साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने तो आपल्या नावाने बाजारात आणला. तेव्हा पडद्यावर नुसत्या रेघा दिसत. डोंगर म्हणजे त्रिकोण. त्यात अमेरिकेतले चारच भाग होते. आपला देश नव्हताच.

त्या खेळात विमान सुरुवातीला शिकागो शहरातल्या मेग्ज नावाच्या लहान विमानतळावर उभे असे. वर्षानुवर्षे हीच रीत होती. जगभरच्या हजारो हौशी लोकांनी पहिले उड्डाण तेथूनच केले. आमच्या पुतण्याचेही पहिले उड्डाण तेथलेच. तेव्हा तो शाळेत होता आणि औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये तासाचे पैसे भरून बसायचा. त्याला पैठण गेटच्या गल्ल्या जेवढ्या पाठ नव्हत्या, तेवढे शिकागोचे तळे पाठ होते. 2003 सालच्या मार्च महिन्यात तेथल्या महापौरांनी रातोरात बुलडोझर पाठवून ती खरी धावपट्टी उखडून टाकली. हौशी मंडळींना फार वाईट वाटले. त्यांनी आपापल्या कॉम्प्युटरमध्ये ती पुन्हा मांडून ठेवली. जमिनीवर नाही, पण पडद्यावर मेग्ज अजून आहे.

पुढे चित्र सुधारत गेले. 2006 सालच्या आवृत्तीत जगातले चोवीस हजार विमानतळ होते. 2020 सालच्या ऑगस्टमध्ये, कोरोनात सारे घरी बसले असताना, जी आवृत्ती आली, तिच्यात उपग्रहाने काढलेल्या फोटोंवरून सारी पृथ्वीच मांडली आहे. पुतण्याने आम्हाला आमच्या गावावरून नेले. नदी दिसली, रस्ता दिसला. आमच्या वाड्याच्या जागी मात्र भलतेच एक पत्र्याचे घर होते. यंत्र फोटो पाहून घरे अंदाजाने उभी करते. अंदाज चुकतोही.

या हौशी लोकांची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. 2001 सालापासून व्हॅटसिम नावाचे त्यांचे एक जाळे आहे. त्यात कोणी घरी बसून विमान चालवतो, तर कोणी घरी बसून मुंबईच्या टॉवरचे काम करतो. "थांबा, पुढे विमान आहे," असे तो सांगतो. हे सारे फुकट, हौसेने. बोलणे इंग्रजीत चालते. आमचा पुतण्या मराठी शाळेत शिकला. इंग्रजी बोलायला तो लाजायचा. या टॉवरवाल्यांशी बोलून त्याची जीभ सुटली. आणि पाहा, वैमानिकांनाही अक्षरे पुन्हा शिकावी लागतात. आपण 'क कमळाचा, ग गवताचा' म्हणतो. ते 'ए अल्फाचा, बी ब्राव्होचा' असे शिकतात. गोंगाटात एका अक्षराऐवजी दुसरे ऐकू आले, तर घात होईल, म्हणून. तुम्ही रात्रीच्या वर्गात मोठ्याने अक्षरे म्हणता तेव्हा कोणी हसले, तर त्याला हे सांगा.

येथे एक गोष्ट सांगणे जरूर आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची मोसंबीची बाग आहे. त्याच्या मुलाला वैमानिक व्हायचे होते. एका ठिकाणी जाहिरात पाहून त्याने अडीच लाख रुपये भरले. तेथे एका खोलीत असेच कॉम्प्युटर होते. मुलगा चार महिने पडद्यावर उडाला. शेवटी एक रंगीत सर्टिफिकेट मिळाले. त्यावर 'वैमानिक' हा शब्द होता. त्या कागदाचा काडीचा उपयोग झाला नाही. बाप आमच्याकडे आला तो सर्टिफिकेट घेऊनच. त्याने विचारले, "गुरुजी, यात कुठे लिहिलंय का की हे खोटं आहे?" आम्ही काय सांगणार?

म्हणून नीट लक्षात ठेवा. विमान चालवण्याचा धंदेवाईक परवाना हवा असेल, तर खऱ्या विमानात 200 तास उडावे लागते. डॉक्टरी तपासणी असते, लेखी परीक्षा असतात. सरकारने मान्य केलेल्या मोठ्या सिम्युलेटरवरचे थोडे तास धरतात. घरच्या खेळाचा एकही तास धरत नाहीत. परवाना देणारे सरकारी खाते दिल्लीला आहे. त्याला डीजीसीए म्हणतात. कोणत्या शाळा मान्य आहेत, त्याची यादी ते खाते देते. आपल्या राज्यात बारामती, धुळे, गोंदिया येथे अशा शाळा निघाल्या आहेत. खर्च पन्नास लाखांच्या पुढे जातो. पैसे भरण्याआधी यादीत नाव पाहावे. स्वतः वाचावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

मग घरच्या यंत्राचा उपयोग काय? पुतण्याला आम्ही हेच विचारले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काका, 1993 चं विमान आठवतं का?"

आठवते तर! 26 एप्रिल 1993 ची दुपार. आम्ही तेव्हा तरुण शिक्षक होतो. रेडिओवर बातमी ऐकली आणि घास हातातच राहिला. इंडियन एअरलाइन्सचे बोइंग विमान चिकलठाण्याहून मुंबईला निघाले होते. आत 118 माणसे होती. विमान धावपट्टीच्या अगदी टोकाला जमिनीवरून सुटले. टोकापलीकडे बीडचा रस्ता होता. त्या रस्त्याने रुईच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. गाठींनी शिगोशिग भरलेला ट्रक केवढा उंच दिसतो, ते तुम्हाला सांगायला नको. विमानाचे डावे चाक व इंजिनाचा भाग त्या ट्रकावर आदळला. विमान तसेच पुढे गेले, तीन किलोमीटरवर विजेच्या मोठ्या तारांना अडकले आणि शेतात पडले. 55 माणसे गेली. 63 वाचली.

पुढे चौकशी झाली. तीत दोन कारणे निघाली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची रीतही चुकली. दुसरे असे की, विमान उडण्याच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहने थांबवण्याची व्यवस्था नीट ठेवलेली नव्हती.

नाक केव्हा उचलायचे, यात काय अवघड, असे वाटेल. पोर धावत येऊन पाटावरून उडी मारते, ते आठवा. फार लवकर उडी मारली तर पाण्यात पडते. फार उशीर केला तर काठावरूनच घसरते. आणि एक जागा अशी येते की तेथून थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. बोइंगचा वेग त्या वेळी ताशी दोनशे किलोमीटरच्या वर असतो. त्यात ऊन असले तर हवा तापून विरळ होते. पंखांना आधार कमी मिळतो, इंजिनालाही दम कमी पडतो. चिकलठाणा समुद्रापेक्षा सुमारे 580 मीटर उंच आहे. तेथली हवा मुंबईपेक्षा विरळच. खरे वैमानिक ही सारी वेळ साधण्याचा सराव मोठ्या सिम्युलेटरवर करतात. तेथे चुकले तर कोणी मरत नाही.

पुतण्याने यंत्रात दोन तारखा घातल्या. आधी जानेवारीची पहाट, मग एप्रिलची दुपार. विमान तेच, वजन तेच. एप्रिलमध्ये ते किती तरी लांब धावले. आम्ही ते डोळ्यांनी पाहिले. वहीतल्या गणिताने हे आम्हाला इतके पटले नसते.

"अजूनही दर एप्रिलात मी इथूनच उडतो," पुतण्या म्हणाला. त्याने पुन्हा विमान टोकाला आणून उभे केले. भर दुपार, वारा पडलेला. त्याने जोर वाढवला. वेगाचे आकडे तो हळू आवाजात मोजू लागला. आम्ही खुर्ची पुढे ओढली. त्याने दांडा ओढला. बेताने, झोपलेल्या लेकराखालून हात काढावा तसा. नाक उचलले, चाके सुटली. टोकापलीकडचा रस्ता पडद्यात खाली खाली गेला. त्यावर एक ट्रक चालला होता. यंत्रानेच तो घातलेला होता. तो बारीक होईपर्यंत आम्ही दोघेही त्याच्याकडे पाहत राहिलो.