गोधडीचा पहिला चौकोन

जुनी लुगडी, धोतरे विरली म्हणजे त्यांची गोधडी होते. नवशिक्याने मात्र हातभर लांबीरुंदीचा एकच चौकोन शिवावयास घ्यावा. खाली लुगड्याचा तुकडा अंथरावा, त्यावर जुन्या कापडाचे दोन-तीन थर द्यावे आणि वर रंगीत तुकडे कडा आत दुमडून मांडावे. मग हाताने प्रत्येक सुरकुती साफ करावी. हे काम कंटाळवाणे खरे. पण आत राहिलेली सुरकुती मागाहून निघत नाही. आता कडेपासून धावदोरा घालीत, चौकोनात चौकोन करीत मध्याकडे यावे. दोरा फार ओढला तर कापडाला चुण्या पडतात, सैल सोडला तर थर सरकतात. हा अंदाज बोटांनाच येतो. पहिले टाके वाकडे पडतील. तेवढ्यासाठी ते उसवू नयेत. पाटावर घालावयास तो चौकोन चांगला उपयोगी पडतो.